घरच्या रेकॉर्डिंगला खरे वाटणारे ड्रम: माझा अनुभव

माझ्या गाण्यांत गिटार बरी, गळा चालून जाईल असा, पण ड्रम सुरू झाले की खेळण्यातला कीबोर्ड वाजतोय असंच वाटायचं. मग ड्रमच्या सॉफ्टवेअरचे डेमो ऐकायचा नाद लागला, आणि डेमोत सगळेच भारी वाजतात हो. महागडं घ्यायच्या बेतातच होतो, तेवढ्यात सहज एमटी पॉवर ड्रमकिट टाकून बघितलं, फुकट आहे, उघडताना डोनेशन मागतं पण स्किप करता येतं. त्यात माझी तीच जुनी बीट टाकली तर तीही तितकीच मेलेली! तेव्हा कळलं की घोळ माझ्या मिडीत आहे, म्हणजे कुठला ड्रम कधी आणि किती जोरात वाजायचा हे सॉफ्टवेअरला सांगणाऱ्या नोट्समध्ये.

झालं असं होतं की प्रत्येक नोटची व्हेलॉसिटी (फटक्याचा जोर) मी सरळ १०० ठेवलेली. आता हाय-हॅट (झांजांची जोडी) एक जोरात एक हळू, ९० आणि ६० च्या आसपास, स्नेअरचे (काडीने वाजणाऱ्या कडक आवाजाच्या ड्रमचे) मधले हलके फटके ३०-३५ वर, आणि सगळं ग्रिडला, म्हणजे तालाच्या अचूक रेघांना, चिकटवणं बंद केलं. शिवाय दोन्ही हात क्रॅश (मोठी झांज) आणि स्नेअरवर असताना हाय-हॅटही चालूच, म्हणजे माझ्या ड्रमरला तीन हात!

विकत घेणार असाल तर किट किती आहेत ते सोडा, व्हेलॉसिटी लेयर (हळू-जोरात फटक्यांची वेगवेगळी रेकॉर्डिंग) आणि राउंड रॉबिन (एकाच जोराच्या फटक्याची आलटूनपालटून वाजणारी रेकॉर्डिंग) बघा, नाहीतर तोच एक सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेला फटका, परत परत वाजून मशीनगन होते. आणि किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), स्नेअर वेगवेगळ्या ट्रॅकवर काढता येतात का तेही. मी अजून फुकटवालंच वापरतोय.