केचाप मानिसला घरगुती पर्याय: गूळ कोणता घ्यायचा आणि गॅस कधी बंद करायचा

नासी गोरेंग, म्हणजे इंडोनेशियाचा परतलेला भात, करायला घेतला की केचाप मानिसपाशी गाडी अडते, आणि मग ठरलेला सल्ला मिळतो: नसेल तर सोया सॉसमध्ये दोन चमचे साखर ढवळा. हा सल्ला देणाऱ्यांनी तो भात स्वतः खाल्लेला नसावा. साखर तळाशी बसते, सॉस पातळ तो पातळच राहतो, कढईत पडला की भात ओला करतो आणि जिभेवर आधी खारट, मागून गोड लागतो. कॉर्नफ्लोअर लावून दाट करा म्हणणारे तर त्यांच्याही पुढचे. त्याने सॉस दाट दिसतो खरा, पण कॉर्नफ्लोअरच्या दाटपणाला आचेवर रंग चढत नाही, नुसता बुळबुळीतपणा येतो.

केचाप मानिस हा इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या रोजच्या स्वयंपाकातला गोड सोया सॉस. आंबवलेल्या सोयाबीनचा खारट अर्क आणि ताडामाडाचा भरपूर गूळ एकत्र आटवून करतात. त्यात गोडाचा वाटा इतका मोठा असतो की सोया सॉस म्हणून त्याच्याकडे बघूच नका, खारवलेला गुळाचा पाक समजा. पाक करता येणाऱ्या घरात तो नक्की जमतो.

बाटली मिळत असेल तर अर्थात बाटलीच आणा. मोठ्या शहरांतल्या आयात मालाच्या दुकानांत आणि ऑनलाइन आबेचे (बाटलीवर ABC) किंवा बांगो ही नावं दिसतात. बांगो १९२८ पासूनचा, काळ्या सोयाबीनचा. नेदरलँड्समधल्या मराठी मंडळींनी तर पुढचं वाचायची तसदीही घेऊ नये, डचांच्या जुन्या वसाहतीमुळे तिथल्या साध्या सुपरमार्केटातही हा सॉस असतो.

आधी पदार्थ कोणता ते बघा

सगळ्या पदार्थांना पाक आटवत बसायची गरज नाही, हे कोणी सांगतच नाही. सेमूरसारखा रस्सा असेल, म्हणजे मटण किंवा बटाटा-अंडी जायफळ-लवंगेच्या काळ्या गोडसर रश्श्यात शिजवायची असतील, तर सोया सॉस आणि किसलेला गूळ थेट पातेल्यात टाका. तासभर शिजताना जे व्हायचं ते आपोआप होतं.

नासी गोरेंग किंवा मी गोरेंगसाठी (तसेच परतलेले नूडल्स) घाईत असाल तर काकवी. तीन भाग काकवी, दोन भाग सोया सॉस, लहान पातेल्यात एकजीव होईपर्यंत कोमट केलं की झालं. बाटलीतल्यापेक्षा पातळ होतं, पण तापलेल्या कढईत तेवढं चालतं. काकवी नुसतीच गोड नसते, तिला उसाच्या रसाचा किंचित आंबूस, मातकट वास असतो आणि तो सोयाशी छान जुळतो. मळीसारखी काळी कडवट मोलॅसिस मात्र काकवीच्या जागी त्याच मापाने ओतू नका. घालायचीच तर चमचाभर, रंगापुरती.

साते (काड्यांना टोचून भाजलेलं मांस), भाजायच्या मांसाला लावायचा लेप आणि वरून घ्यायचा सॉस, या तिन्हींसाठी खरा दाट सॉसच हवा. तिथे पळवाट नाही.

आणि जे चालत नाही ते: होइसिन सॉसमध्ये पाच मसाल्यांचा स्वतःचा तोरा असतो, तेरियाकी गोड असली तरी पातळ आणि वेगळ्याच चवीची, ऑयस्टर सॉस गोडही नाही आणि शाकाहारीही नाही. मध आचेवर लवकर करपतो आणि त्याचा फुलांचा वास सोयाच्या वासाशी भांडत राहतो. खजुराचा सिरप त्यातल्या त्यात बरा, पण गढूळ दिसतो.

सामान

२५० ग्रॅम काळा गूळ, १०० मिली पाणी, १५० मिली सोया सॉस, एक चक्रीफूल, दोन ठेचलेल्या लसूणपाकळ्या, गलांगलच्या दोन चकत्या. गलांगल बाजारात थाई आलं म्हणून मिळतं. ते नसेल तर साध्या आल्याची एकच पातळ चकती पुरे, जास्त घातलंत तर सॉसला चहाचा वास येतो. तमालपत्र घालू नका. जावात सालाम नावाचं पान घालतात आणि त्याच्या बदल्यात तमालपत्र सर्रास सुचवलं जातं, पण दोन्हींच्या वासाचा एकमेकांशी काही संबंध नाही.

सोया सॉसच्या बाटलीची मागची बाजू वाचा. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी, एवढं लिहिलेलं असेल तर घ्या. आपल्याकडे हाका नूडल्ससाठी खपणाऱ्या बऱ्याच 'डार्क' बाटल्यांत कॅरॅमलचा रंग आणि ॲसेटिक ॲसिड असतं. आटवल्यावर तो व्हिनेगरी आंबटपणा मागे राहतो आणि गूळ कितीही घातला तरी जिभेला कळतो. रंग गुळाने येणारच आहे, त्यासाठी डार्क सॉस लागत नाही.

आता गूळ. जावातला गूळ बहुतेक माडाच्या नीरेचा. नेमका तसलाच गूळ आपल्या शेजारी गोव्यात होतो, काळसर, मऊ, किंचित धुरकट. गोव्याचं दोदोल ज्या माडाच्या गुळाचं, तोच इथे पहिल्या पसंतीचा. गोव्याहून येणाऱ्या माणसाकडे काजू आणि फेणीबरोबर हाही मागवा, वर्षभर टिकतो. त्याखालोखाल ताडगूळ, किंवा दक्षिणी किराणा दुकानातली करुपट्टी. यातलं काहीच नसेल तर कोल्हापूरकडचा उसाचा गूळ, पण काळपट, रसायनाविना केलेला. पिवळाधमक गूळ बघून मोहात पडू नका. तो रंग बहुधा पावडरी मारून आणलेला असतो, उकळताना फेस फार येतो आणि चवीला खारट लागतो. सोया सॉसचं मीठ आहेच, त्यात ही भर नको.

आणि चिक्कीचा गूळ तर चुकूनही नको. संक्रांतीला उरलेला डबा समोर दिसतो, हात तिकडेच जातो. पण तो तिळाला धरून कडक व्हावा म्हणूनच निवडलेला असतो, आणि आपल्याला हवं आहे बरोबर त्याच्या उलट.

कृती

गूळ चिरून पाण्यात मंद आचेवर विरघळवा. गाळून घ्या, उसाच्या गुळात काड्या आणि खडे असतात. परत पातेल्यात ओता, चक्रीफूल, लसूण, गलांगल टाका, चार-पाच मिनिटं उकळू द्या. पातेलं खोल घ्या, सोया पडल्यावर हे मिश्रण दुधासारखं वर येतं.

खरी गोम: सोया कधी, आणि थांबायचं कधी

इथून पुढे लक्ष द्या, कारण बिघडतं ते इथेच. या पायरीने मलाही बरंच छळलं आहे.

सोया सॉस सुरुवातीपासून गुळाबरोबर उकळायचा नाही. जास्त वेळ उकळला की त्याचा आंबवलेला सुवास उडून जातो आणि उरतो नुसता खारटपणा. तळाला लागला तर वर कडवटपणाही. म्हणून गुळाचा पाक आधी उकळून घ्या, मग गॅस बंद करून सोया बारीक धारेने ओता. गॅस चालू ठेवून ओतलात तर तडतडून हातावर उडेल. ढवळून पुन्हा मंद आच. मोठी आच लावून 'पटकन आटवायला' जाऊ नका. गूळ साखरेपेक्षा लवकर करपतो, आणि करपलेला सॉस कुठल्याही मसाल्याने झाकत नाही. तो फेकूनच द्यावा लागतो.

आता थांबायचं कधी. गरम असताना हा सॉस पातळच दिसणार. बरोबर झालेला सॉससुद्धा पातेल्यात आमटीच्या वरच्या पाण्याइतका वाहता असतो. तो डोळ्यांना दाट दिसेपर्यंत थांबलात की गार झाल्यावर बाटलीत दगड होतो. पाक करायची सवय असलेल्या सुगरणी इथे जास्त फसतात, कारण त्यांचा हात एकतारीची वाट बघतो. इथे तार यायच्या आधी थांबायचं आहे. चमच्यावरचा थेंब जरा निवला की दोन बोटांत धरून पाहा, चिकट लागला पाहिजे पण बोटं लांब केल्यावर तार दिसता कामा नये. गुलाबजामच्या पाकापर्यंत जायचं, जिलबीच्या पाकापर्यंत नाही.

बुडबुडेही सांगतात. आधी मोठे, पटापट फुटणारे असतात. मग ते बारीक, चकचकीत होतात आणि सगळे मिळून वर चढायला लागतात. हे चढणं सुरू झालं की पातेल्यापासून हलू नका, फोन बाजूला ठेवा. एक स्टीलची ताटली आधीच फ्रीझरमध्ये ठेवलेली असू द्या. तिच्यावर अर्धा चमचा सॉस टाका, अर्धं मिनिट थांबा, ताटली तिरकी करा. एकसंध, सावकाश ओघळला तर झालं. कडेने पाणी सुटलं तर अजून दोन मिनिटं. जागचा हललाच नाही तर पुढे गेलात.

बोटांवर विश्वास नसेल त्यांच्यासाठी माझा आवडता उपाय, वजनकाटा. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवा. वरच्या मापाने गूळ, पाणी आणि सोया मिळून साधारण ५२५ ग्रॅम भरतं. पातेल्याचं वजन वजा करून ४२० च्या आसपास आलं की गॅस बंद. हिशेब सरळ आहे: जितकं पाणी वरून घातलं, जवळपास तितकंच उडवायचं. सोया सॉसमधलं पाणी गुळाला धरून ठेवायला पुरतं, त्याला हात लावायचा नाही. वीस मिनिटं आटवा, पंचवीस मिनिटं आटवा असल्या वेळेच्या सूचनांवर माझा काडीचा विश्वास नाही. पातेल्याची रुंदी बदलली की मिनिटं बदलतात, वजन बदलत नाही.

पुढे गेलाच तर गरम पाणी चमच्याचमच्याने घालून मंद आचेवर परत सैल करा. सैल करायला सोया सॉस घालू नका, मीठ वाढतं. पातळ राहिला तर पुन्हा दोन मिनिटं उकळा.

कोमट झाल्यावर गाळून कोरड्या काचेच्या बाटलीत भरा. फ्रिजमध्ये दोन-तीन महिने काही होत नाही.

वापरताना

दोन माणसांच्या नासी गोरेंगला दोन मोठे चमचे पुरतात, आणि भात आदल्या दिवशीचा, मोकळा हवा. सॉस भाताच्या डोक्यावर ओतू नका. भात एका बाजूला सारून कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडा. तो चर्र होऊन क्षणभर उकळतो, गुळाचा भाजका वास येतो, मग भात त्यात ओढा. घरी केलेल्या नासी गोरेंगला हॉटेलची चव का येत नाही, याचं निम्मं उत्तर या चार सेकंदांत आहे. उरलेलं निम्मं तेरासीत, म्हणजे तिकडच्या आंबवलेल्या कोळंबीच्या वडीत. ती नसली तर कोरडा भाजून कुटलेला जवळा चमचाभर घाला. तंतोतंत तीच चव नाही, पण वास त्याच अंगाचा.

सातेला लेप लावताना तीन भाग सॉसला एक भाग तेल घ्या आणि शेवटची दोन मिनिटं उरली की लावा. आधीपासून लावलात तर मांस शिजायच्या आत बाहेरून कोळसा. हा नियम पनीरच्या काड्यांनाही लागू.

आणि सांबाल केचाप करायला विसरू नका: सॉसमध्ये लहान लाल कांद्याच्या चकत्या, तिखट हिरव्या मिरच्या, थोडा टोमॅटो आणि लिंबू. जावात तो बकऱ्याच्या सातेबरोबर देतात. आमच्याकडे तळलेल्या बोंबलाबरोबर संपतो.