चेतासंस्था पाठ करू नका, कोपरापासून सुरू करा

दरवर्षी जूनमध्ये ट्यूशनला नवीन बॅच आली की तेच दिसतं. पोरांना चेतापेशीची, म्हणजे मेंदू आणि नसा ज्यांच्या बनतात त्या पेशीची, आकृती डोळे मिटून काढता येते, वृक्षिका, अक्षतंतू, संपर्कस्थान सगळ्या नावांसकट, पण "ही पेशी तुझ्या अंगात कुठे आहे ते बोट लावून दाखव" म्हटलं की सगळे डोक्याकडे बोट दाखवतात आणि गप्प बसतात. यात पोरांची चूक नाहीच. पुस्तक सुरू होतं चेतापेशीपासून, आणि माणसाला अख्खी चेतापेशी, तिच्या सगळ्या फांद्यांसकट, नीट दिसली ती पार १८७३ नंतर, त्याआधी दोन हजार वर्षं लोक नसाच चाचपत होते. म्हणून मी हल्ली शोध ज्या क्रमाने लागले साधारण त्याच क्रमाने शिकवते आणि सगळं स्वतःच्या अंगावर करायला लावते. सामान काय, तर ३० सेंमीची पट्टी, एक यू-पिन, शिंप्याची टेप, पाय लोंबकळतील असं टेबल आणि सोबतीला एक माणूस.

पहिलं काम नस शोधायची. कोपर दुमडा, आतल्या बाजूला एक टणक हाड लागेल, ते आणि कोपराचं टोक यांच्यामध्ये एक खाच आहे तिथे दुसऱ्या हाताचं बोट हलकेच आडवं फिरवा. दोरीसारखं काहीतरी बोटाखालून सरकतं ना, तीच नस, अल्नर नर्व्ह. जोरात दाबू नका, हलक्या हातानेसुद्धा झिणझिण्या येतात. आता नीट लक्ष द्या झिणझिण्या कुठे गेल्या त्याकडे, करंगळीत आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या फक्त करंगळीकडच्या अर्ध्या भागात, उरलेल्या अर्ध्यात नाही, कारण तो अर्धा भाग दुसऱ्या नसेचा आहे. कोपर कशावर आपटलं की जो करंट बसतो तो हाच. कुष्ठरोगाच्या तपासणीत आरोग्यसेवक कोपराशी चाचपतात तेही हिच्यासाठीच, त्या आजारात ती जाड होते.

इथेच एक गोंधळ मिटवून घ्या. आपण शीर आखडली म्हणतो, नस चढली म्हणतो, मनगटावरची निळी रक्तवाहिनी पण शीरच आणि स्नायूचा दोर पण शीरच. ग्रीकांचंही तसंच होतं, न्यूरॉन या शब्दाचा मूळ अर्थच स्नायूचा दोर. इसवीसनपूर्व ३०० च्या आसपास इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात हेरोफिलस आणि इरॅसिस्ट्राटस या ग्रीक वैद्यांनी माणसांची प्रेतं उघडून पाहिली आणि रक्तवाहिनी वेगळी, दोर वेगळा, नस वेगळी हे सांगितलं, शिवाय जाणीव आणणाऱ्या नसा आणि हालचाल करवणाऱ्या नसा वेगळ्या हे पण. मनगटावर तिन्ही शोधून बघा, निळी ती रक्तवाहिनी, मूठ वळल्यावर ताठ होतो तो दोर, आणि नस तिथे दिसत नाही, ती आत आहे.

नसेतून जातं काय याबद्दल मात्र पुढे कित्येक शतकं समज असा होता की नस पोकळ असते आणि तिच्यातून चैतन्य वाहतं. इटलीतल्या बोलोन्याच्या गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाचे पाय विजेने उडतात हे पाहिलं आणि १७९१ मध्ये छापलं, तिथून विजेची गोष्ट सुरू झाली. हे घरी करायचं नाही, वाचून पुढे चला.

आता टेबलावर बसा, पाय मोकळे सोडा. गुडघ्याच्या वाटीच्या लगेच खाली मऊसर पट्टा लागतो त्यावर तळहाताच्या कडेने टपकन मारा, पाय आपोआप उडतो. उडाला नाही तर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढा आणि त्याच वेळी सोबतच्याला मारायला सांगा, ही युक्ती हंगेरीच्या येंद्राशिक नावाच्या डॉक्टरांची आहे आणि बहुतेकदा चालते. तरी नाही उडाला तर घाबरू नका, घरी मारलेला फटका चुकतोच. हा झटका १८७५ मध्ये जर्मनीत अर्ब आणि वेस्टफाल या दोघांनी वेगवेगळा नोंदवला. मांडीचा स्नायू ताणला गेला ही बातमी कमरेजवळच्या मज्जारज्जूत जाते आणि तिथूनच ऑर्डर परत येते, मेंदूला कळतं ते नंतर.

मज्जारज्जू म्हणजे पाठीचा कणा नव्हे, कण्याच्या आतली साधारण ४५ सेंमीची मऊ दोरी. तिच्यातून नसांच्या ३१ जोड्या निघतात, मानेच्या ८, छातीच्या १२, कमरेच्या ५, त्याखाली ५ आणि शेवटी १. ही दोरी माकडहाडापर्यंत जात नाही बरं का, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपते आणि खाली नुसत्या नसांचा झुबका लोंबतो, घोड्याच्या शेपटीसारखा. मणक्यातलं पाणी काढायचं म्हटलं की घरचे हादरतात, सुई मज्जारज्जूला लागेल म्हणून, पण सुई मुद्दाम दोरी संपते त्याच्या खालीच घालतात. हे एवढं तरी घरी आई-बाबांना नक्की सांगा.

पुढे वेग. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झचे गुरू म्युलर यांना वाटायचं नसेतला संदेश इतका झटपट जातो की मोजताच येणार नाही, आणि १८५० मध्ये शिष्याने बेडकाच्या नसेवर मोजून दाखवला, सेकंदाला २७ मीटरच्या आसपास. तुम्ही पट्टी घ्या. सोबतच्याने पट्टी उभी धरायची, तुमची चिमूट शून्याच्या खुणेशी उघडी, त्याने न सांगता सोडायची, तुम्ही पकडायची. १५ सेंमीवर पकडली तर साधारण ०.१७५ सेकंद, २० वर ०.२, ३० वर ०.२५. पाच वेळा करा, सरासरी काढा. यातला बराचसा वेळ डोळ्यात आणि मेंदूत जातो, नसेत थोडाच. नसासुद्धा सगळ्या एका वेगाच्या नाहीत, स्पर्शाचे जाड तंतू सेकंदाला पन्नास-साठ मीटरने पळतात आणि ठणक्याचे बारीक तंतू एखाद्या मीटरने चालतात. उंबऱ्याला ठेच लागली की आधी आपटल्याचं कळतं, मग एक क्षण शांत, आणि मग कळ येते, तो मधला क्षण म्हणजे हा फरक.

मग मेंदू. १८६१ मध्ये पॅरिसला ब्रोका यांच्याकडे एक पेशंट होता, समजायचं सगळं पण तोंडातून बहुतेक "तां" एवढंच निघायचं. तो गेल्यावर मेंदू पाहिला तर डाव्या बाजूला पुढे, खालच्या अंगाला इजा होती, म्हणजे बोलणं चालतं ते तिथून. बोट लावायचं तर डाव्या कानशिलाच्या जरा वर. यू-पिनची दोन टोकं पण लावून बघा, डोळे मिटलेल्या माणसाला बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटरवरची टोकंही दोन कळतात, पाठीवर चार सेंमी अंतर असलं तरी एकच वाटतं, हे वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८३४ मध्ये मोजलं होतं. बोटांना मेंदूत जागा भरपूर आहे, पाठीला कमी.

आता चेतापेशी, आता ती कळते. इटलीत एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात गोल्जी यांनी मेंदूचा तुकडा आधी डायक्रोमेट आणि मग सिल्व्हर नायट्रेट या रसायनांत ठेवला आणि शंभरातली जेमतेम एखाद-दुसरी पेशी पूर्ण काळी झाली, बाकी सगळं पिवळट. भाग्य ते हेच, सगळ्या रंगल्या असत्या तर नुसता काळा डाग दिसला असता. लोकरीच्या गुंत्यात एकच धागा काळा असला की तो कुठून कुठे जातो ते दिसतं ना, तसं. गोल्जी म्हणत सगळं एक जाळं आहे, स्पेनच्या काहाल यांनी तीच पद्धत वापरून १८८८ पासून दाखवलं की प्रत्येक पेशी सुटी आहे, आणि १९०६ चं नोबेल दोघांना एकत्र मिळालं. मला स्वतःला काहाल यांची हाताने काढलेली चित्रं आजच्या रंगीत फोटोंपेक्षा जास्त शिकवतात, ती समोर ठेवून आकृती काढा.

शेवटी टेप घ्या आणि परत कोपराशी या. करंगळीच्या टोकापासून कोपर, काख, मानेचा तळ आणि तिथून कवटीच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. करंगळीचा स्पर्श नेणाऱ्या पेशीचं मूळ मणक्याशेजारी आहे, तिची एक फांदी करंगळीत, दुसरी वर मस्तिष्कपुच्छापर्यंत, म्हणजे मेंदूच्या सगळ्यात खालच्या भागापर्यंत, मध्ये कुठेही जोड नाही. टेपवर आकडा एक मीटरच्या आसपास येईल, तेवढी लांब ती एक पेशी. त्यापुढची पेशी तिथेच बाजू बदलते, म्हणजे डाव्या करंगळीचा स्पर्श उजव्या मेंदूत पोचतो. हा रस्ता बोट फिरवत सोबतच्याला सांगून दाखवा, मगच वहीत आकृती काढायला बसा.