चूकभूल द्यावी घ्यावी : बौद्धिक नम्रतेवर संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी

या वर्षी नांदेड आणि बीडकडच्या चार-पाच मुलामुलींचे फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच. "ताई, विज्ञानातल्या बौद्धिक नम्रतेवरच्या प्रकल्पात संशोधन सहयोगीची जागा निघालीय, अर्ज करू का?" बौद्धिक नम्रता म्हणजे आपलं ज्ञान अपुरं किंवा चुकीचं असू शकतं हे ओळखणं. प्रत्येकाशी तासभर बोलण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते. मी अशाच एका प्रकल्पात अडीच वर्षं काम केलं. त्यातले पहिले आठ महिने वाया गेले. ते कसे गेले, हेच मला मुख्यतः सांगायचं आहे. नेट-सेट आणि पेट या परीक्षा, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा), आरएसी (संशोधन सल्लागार समिती) हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते.

आधी कडू बोलून घेते. ही जागा प्रकल्पाची असते. प्रकल्प संपला की जागाही संपली. जेआरएफची (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) महिना 37,000 ची फेलोशिप हातात असेल, तर ती सोडून इकडे येऊ नका. घरच्यांना "नोकरी लागली" असं सांगू नका, कारण दोन वर्षांनी "काय झालं मग?" या प्रश्नाला उत्तर देणं फार जड जातं. मला गेलं. तरीही विचाराल तर काम करण्याजोगं आहे, आणि मराठवाड्यातल्या मुलांनी तर करावंच.

कारण विषय आपल्या अंगणातला आहे. शास्त्रज्ञ आपल्या ज्ञानाच्या मर्यादा ओळखतात का, त्या उघडपणे मांडतात का, आणि ते जिथे काम करतात ती संस्था त्यांना तसं करू देते का, असे यात तीन प्रश्न आहेत. तिसऱ्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. माझं गेलं, ते किल्लारीमुळे. आमचं गाव त्याच पट्ट्यातलं. मी भूकंपानंतर जन्मले, पुनर्वसनाच्या गावात वाढले. आजी सांगायची, 1992 च्या पावसाळ्यानंतर हादरे बसायचे, मांडणीवरची भांडी वाजायची. मग 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. गणपती विसर्जन करून गाव झोपलं होतं. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशावर किल्लारी सगळ्यांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या झोनमध्ये होती. दख्खनचं पठार स्थिर आहे, असंच मानलं जात होतं. भूकंपरोधक बांधकामाच्या 2002 च्या सुधारित भारतीय मानकात पहिला झोन काढूनच टाकला आणि आमचा भाग तिसऱ्यात गेला. एखाद्या माणसाला आपली चूक एका रात्रीत कळू शकते. तीच गोष्ट अधिकृत कागदावर यायला इथे नऊ वर्षं लागली. मधल्या काळात कोण काय बोललं, कुणाचं ऐकलं गेलं, कागद कुणी हलवला, याचा अभ्यास म्हणजे हा विषय.

वाचनाचं थोडक्यात सांगते, कारण याद्या तुम्हाला कुठेही मिळतील. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1942 मध्ये विज्ञानाचे जे संकेत मांडले, त्यातला 'संघटित संशय', म्हणजे कोणताही दावा तपासल्याशिवाय न स्वीकारणं, आधी समजून घ्या. मग 2015 चा पुनर्तपासणीचा मोठा प्रयत्न वाचा. त्यात मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांत निष्कर्ष सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय (निव्वळ योगायोगाने क्वचितच दिसेल असा) होता, पुन्हा केल्यावर तो 36 टक्क्यांतच तसा आला. त्यानंतर रिंक हूकस्ट्रा आणि सिमिन वझीर यांचा 2021 चा लेख वाचा. शोधनिबंधाच्या प्रत्येक भागात मर्यादा कशा मांडाव्यात, हे त्यांनी शीर्षकापासून सांगितलंय. त्याच वर्षी 'लॉस ऑफ कॉन्फिडन्स' प्रकल्पाचा लेख आला. आपल्याच छापून आलेल्या निष्कर्षावर आता आपला विश्वास राहिला नाही, असं संशोधकांनी स्वतःच्या नावानिशी सांगितलेली 13 निवेदनं त्यात आहेत. मी तो वाचला तेव्हा मला कौतुक वाटलं. आपल्यावरही ती पाळी येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आता माझी चूक. इथे जरा सावकाश वाचा.

बौद्धिक नम्रता मोजायला मार्क लिअरी आणि सहकाऱ्यांची 2017 ची सहा विधानांची छोटी प्रश्नावली आहे. माझी मतं चुकीची असू शकतात हे मी मान्य करतो, विरुद्ध पुरावा आला तर मत बदलायला मी तयार असतो, अशा अर्थाची विधानं. किती पटतं ते एक (अजिबात नाही) ते पाच (अगदी पूर्ण) अशा पाच पर्यायांत सांगायचं. मी दोन संध्याकाळींत तिचं मराठी केलं. वर परिचयाच्या दोन ओळी लिहिल्या, "हा अभ्यास नम्रतेविषयी आहे" अशा. नियमाप्रमाणे दोन सहकाऱ्यांकडून उलट भाषांतर, म्हणजे मराठीवरून पुन्हा इंग्रजी, करून घेतलं. इंग्रजी जवळपास शब्दाला शब्द परत आलं. मी खूश झाले. महाविद्यालयातले विज्ञानाचे प्राध्यापक, कृषी संशोधन केंद्रांवरचे लोक, कृषी सहायक, सगळ्यांना फॉर्म वाटले.

'माझं चुकू शकतं' याला जवळपास सगळ्यांनी पाचवर खूण केली. 'मत बदलतो' याला ज्येष्ठांनी एक-दोनवर आणि तरुणांनी पाचवर. मी लगेच सिद्धांत रचला, की वय वाढतं तशी बौद्धिक नम्रता कमी होते. परिषदेसाठी सारांशही लिहून ठेवला.

दिवाळीला गावी गेले तेव्हा फॉर्म आमच्या गुरुजींना दाखवला. त्यांनी जन्मभर हायस्कूलला विज्ञान शिकवलं. खरं सांगायचं तर मी कौतुक करून घ्यायलाच गेले होते. त्यांनी पेन्सिल घेऊन सावकाश वाचलं आणि म्हणाले, "यात मोठ्यांचं ऐकतो का, एवढंच विचारलंय ना?" मग 'मत बदलतो' वर बोट ठेवून, "असं कोण लिहून देईल बाई? आज इकडं, उद्या तिकडं. मी फिरणारा माणूस न्हाई." आणि 'माझं चुकू शकतं' वर, "हे तर आपण बिलाखाली बी लिहितो की. चूकभूल द्यावी घ्यावी."

त्या तीन वाक्यांत माझे आठ महिने गेले. का, ते नीट समजून घ्या. आपल्याकडे नम्र मूल म्हणजे उलट न बोलणारं मूल. मान खाली, हो सर. माझ्या अभ्यासाला हवी होती ती नम्रता याच्या जवळजवळ विरुद्ध आहे. पुराव्यापुढे झुकणारा माणूस कित्येकदा साहेबांपुढे झुकत नाही. मत बदलणं हा आपल्या भाषेत दोष आहे. शब्दाला जागणाऱ्याला मान असतो. आणि 'माझं चुकू शकतं' हा शिष्टाचार आहे. तो खरोखर मनात असो नसो, म्हणायचाच असतो. म्हणजे ज्येष्ठांनी मला त्यांचं वळण सांगितलं, तरुणांनी माझ्यापुढे अदब दाखवली, आणि मी दोन्हीला बौद्धिक नम्रता समजून बेरीज केली.

उलट भाषांतराने हे का पकडलं नाही? कारण ते करणारे दोघंही माझ्यासारखेच शिकलेले. 'नम्रता' दिसली की त्यांच्या डोक्यात इंग्रजी शब्द आपोआप यायचा. शब्द जसा गेला तसा परत आला. वाचणाऱ्याच्या मनात त्याचं काय होतं, हे कुणी पाहिलंच नाही. ते पाहायचा रस्ता ठरलेला आहे. त्याला कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू म्हणतात. फॉर्म वाटण्याआधी वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या तालुक्यांतल्या दहा-बारा जणांशेजारी बसायचं, एकेक विधान वाचायला द्यायचं आणि "तुम्हाला यातून काय कळलं, मोठ्याने सांगा" म्हणायचं. मी वेळ वाचवायला हे टाळलं. तुम्ही टाळू नका. मुदत उलटली तरी चालेल, गाईड रागावले तरी चालेल, हे टाळू नका. आजकाल मशीनकडून भाषांतर करून घेतात. तेही 'नम्रता'च देईल आणि तुम्ही याच खड्ड्यात दोन संध्याकाळींऐवजी दोन मिनिटांत पडाल.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. मला आधीच शंका आली होती. काही फॉर्मच्या कडेला तरुण मुलांनी पेनाने लिहिलं होतं, "सर सांगतील तसं." मी ते वाचलं आणि पान उलटलं. गुरुजींकडून परतल्यावरही प्रकल्पप्रमुखांना सांगायला मला अकरा दिवस लागले. मी अकरावी-बारावी लातूरला केलेली. त्या दोन वर्षांनी मला खूप दिलं, पण 'येत नाही' म्हणणं म्हणजे मार्क गमावणं, हेही तिथेच अंगात मुरलं. शिवाय एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सुचवलं, "वयस्करांचे फॉर्म वेगळे काढ, उरलेल्यांवर पेपर होतो." तो पेपर झालाही असता, आणि ती माझी सगळ्यांत मोठी चूक ठरली असती. शेवटी मॅडमना, म्हणजे प्रकल्पप्रमुखांना, सांगितलं. त्यांनी सगळे फॉर्म मागवले, दिवसभर बसून वाचले आणि निधी देणाऱ्यांना स्वतःच्या सहीने कळवलं की काम आठ महिने मागे गेलंय. माझं नाव त्या पत्रात नव्हतं.

म्हणून गाईड निवडण्याबद्दल माझं ठाम मत आहे. त्यांचे पेपर किती, हे नंतर बघा. आधी त्यांच्या विभागात चहाच्या वेळेला जाऊन बसा. विद्यार्थी त्यांच्यासमोर "सर, मला तसं वाटत नाही" म्हणतात का, आणि म्हणाल्यावर पुढे काय होतं, ते बघा. कुणीच म्हणत नसेल तर तिथे या विषयावर काम करू नका. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नलच्या नादी लागू नका. या विषयात तर ते लगेच नजरेत भरतं.

दुसऱ्या फेरीत आम्ही मतं विचारणं सोडलं आणि घडलेल्या गोष्टी विचारल्या. "तुम्ही कधी चुकलात का?" हा प्रश्न कुणालाच विचारू नका. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, त्याबद्दल मी पहिल्या फेरीत असंच विचारलं होतं. प्रत्येकाने दुसऱ्याची चूक सांगितली. शेतकऱ्याने 450 ग्रॅमच्या पाकिटासोबतची 120 ग्रॅम बिगर-बीटीची पुडी कडेने लावली नाही, कुणी फरदड ठेवली (हंगाम संपल्यावरही कापसाचं पीक शेतात राखलं), कुणी सांगायला उशीर केला. तोच प्रश्न "फरदडीबद्दल, कामगंध सापळ्यांबद्दल तुमचा सल्ला कधी बदलला? कशामुळे? पहिल्यांदा कुठे लिहिला?" असा विचारला (कामगंध सापळे म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे सापळे), तेव्हा लोक उठून फायली घेऊन आले. एकजण दोन तास बोलले. त्यांनी 'चूक' हा शब्द एकदाही वापरला नाही, पण सगळं सांगितलं.

मुलाखत साहेबांच्या केबिनमध्ये घेऊ नका. साहेब खुर्चीत असतील तर कनिष्ठाचं उत्तर साहेबांचंच असतं. आणि नाव गाळलं म्हणजे ओळख लपली, असं समजू नका. मराठवाड्यात एखाद्या पिकाचे जाणकार बोटांवर मोजण्याइतके. पीक आणि तालुका लिहिला की माणूस उघडा पडतो. दोन्ही बदला, नाहीतर गाळा. तुमच्या एका ओळीने कुणाची बदली होऊ शकते.

अर्जाचं म्हणाल तर नमुना लेखन म्हणून तुमचं सगळ्यांत चांगलं काम पाठवू नका. जिथे तुम्हाला स्वतःची चूक सापडली ते पाठवा, आणि ती कशी सापडली ते लिहा. मला एका मुलाखतीत विचारलं होतं, "तुमच्या कोणत्या कामावर आता तुमचा विश्वास नाही?" मी म्हणाले, "सगळं काळजीपूर्वकच केलंय." तिथे माझी निवड झाली नाही, आणि ते बरोबरच होतं. इंग्रजी अडखळतं म्हणून मात्र घाबरू नका. माझंही अडखळायचं. थांबून, "हा शब्द मला कळला नाही, पुन्हा सांगाल का?" असं विचारलं तर अशा मुलाखतीत त्याने तुमचं काही बिघडत नाही. गुरुजींचं बोलणं ज्याला कळतं, असा माणूस अशा प्रकल्पांना हवाच असतो.

नवा फॉर्म तयार झाल्यावर पहिल्यांदा मी गुरुजींकडेच गेले. "तुम्ही वर्षानुवर्षं सांगत होतात अशी कोणती गोष्ट पुढे सांगणं थांबवलंत?" हा प्रश्न वाचून ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "1993 पर्यंत दर वर्षी वर्गात सांगायचो, आपला दगड घट्ट आहे, इथं भूकंप होत न्हाई. त्यातली किती पोरं गेली." पेन्सिल हातात धरून त्यांनी विचारलं, "हे कुठं लिहू? इथं दोनच ओळी हायत." मी फॉर्म उलटा करून मागची कोरी बाजू त्यांच्यापुढे ठेवली.