एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बदलताना : नट ‘मऊ’ फिरला की हात थांबवा

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या हेडमधून (सिलिंडरांवरच्या झाकणातून) निघणारा जळका वायू गोळा करून सायलेन्सरच्या पाइपात सोडणारा भाग. नट काढा, जुना मॅनिफोल्ड उतरवा, पॅकिंग बदला, नवा चढवा, नट आवळा. तोंडी सांगायला एवढंच काम आहे. यात टायमिंग नाही, व्हॉल्व्ह नाही, बिघडून बिघडणार काय, म्हणून शिकाऊ पोराच्या हातात ते लवकर येतं. बिघडण्यासारखी एकच गोष्ट आहे, पण ती हेडवर आठ-दहा ठिकाणी गंजून बसलेली असते : स्टड, म्हणजे एक टोक हेडमध्ये बसवलेली आणि दुसऱ्या टोकाला नट लागणारी आट्यांची दांडी. एक तुटला की सकाळचं काम दुसऱ्या दिवसावर जातं. म्हणून इथे बाकीचं भराभर सांगतो आणि स्टडपाशी मुक्काम करतो.

आधी मॅनिफोल्डच गेलाय याची खात्री करा. थंड इंजिन स्टार्ट केल्यावर टिकटिक येते, रेस दिली की वाढते, आणि इंजिन तापल्यावर कमी होते किंवा पूर्ण थांबते, ही तडा गेल्याची किंवा पॅकिंग फुटल्याची जुनी खूण. बीड (ओतीव लोखंड) तापून फुगतं आणि फट मिटते, म्हणून आवाज जातो. मात्र हायड्रॉलिक टॅपेटसुद्धा (व्हॉल्व्ह उघडणारे, तेलाच्या दाबावर चालणारे भाग) थंडपणी वाजून गप्प होतात, तेव्हा नुसत्या कानावर भरवसा नको. रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं पोर्टाजवळून, म्हणजे हेडमधून वायू बाहेर पडायच्या तोंडाजवळून, फिरवा (फॅन आणि बेल्टपासून लांब). हेड आणि फ्लॅंजच्या (मॅनिफोल्डच्या सपाट कडेच्या) सांध्यावर काळी काजळी पंख्यासारखी पसरलेली दिसली तर वाद संपला. स्मोक मशीन नसेल तर इंजिन पूर्ण थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू सायलेन्सरच्या टोकाला लावा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. जिथे बुडबुडे, तिथे गळती.

स्कॅनरवर पी ०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हा कोड दिसतो म्हणून इंजेक्टर उतरवायला निघालेल्यांनी इथे थांबावं. एक्झॉस्टमध्ये दाब सतत बाहेरच्या दिशेने नसतो. दोन ठोक्यांच्या मध्ये तो क्षणभर वातावरणापेक्षा खाली जातो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. फट ऑक्सिजन सेन्सरच्या (जळक्या वायूतला ऑक्सिजन मोजणाऱ्या) आधी असेल तर सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतं, आणि गाडी उगाच जास्त पिते. आणखी एक गोष्ट गाडी आणणाऱ्याला स्पष्ट सांगा : हा वायू बॉनेटखालून केबिनमध्ये शिरू शकतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ‘आवाजच येतोय ना, चालवू अजून महिनाभर’ हे ऐकून घ्यायचं नाही.

पार्ट मागवण्याआधी इंजिन नीट बघा. बऱ्याच नव्या इंजिनांत मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो, काहींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, थोडक्यात ‘कॅट’) मॅनिफोल्डला वेल्ड केलेला असतो. मॅनिफोल्डसोबत हेडचं पॅकिंग, खालच्या पाइपचं पॅकिंग किंवा रिंग, सगळे स्टड आणि सगळे नट नवे मागवा. सगळे म्हणजे सगळे. हे नट बहुतेकदा मुद्दाम किंचित चेपलेले असतात, एकदा काढले की त्यांची पकड गेली. ‘वायर ब्रश मारून जुनेच लाव’ म्हणणारा वस्ताद बाकी कितीही शिकवो, या बाबतीत त्याचं ऐकू नका. ती बचत नाही, उधारी आहे.

बॅटरीचा निगेटिव्ह काढा. गाडी लिफ्टवर, नाहीतर स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर खाली जायचं नाही. हीट शील्डचे (उष्णता अडवणाऱ्या पत्र्याचे) १० च्या गोटीचे, म्हणजे सॉकेटचे, बोल्ट तुटतील, तुटू द्या, ते हेडमध्ये नसतात. ऑक्सिजन सेन्सर २२ ची खाच असलेली गोटी लावून, इंजिन कोमट असताना काढा आणि त्याची वायर पिळू देऊ नका. डाउनपाइप (मॅनिफोल्डखालचा पाइप) सुटण्याआधी त्याला खालून टेकू द्या. पाइप लोंबकळत राहिला की फ्लेक्सची (पाइपच्या लवचिक तुकड्याची) जाळी आतून फाटते आणि मग एका गळतीच्या जागी दोन होतात. टर्बो असेल तर तेलाच्या आणि पाण्याच्या लाइन सोडा, तोंडं बंद करा, तांब्याचे वॉशर नवे घाला.

आता स्टड.

काम उद्या असेल तर गंज सोडवणारा स्प्रे आज मारा. रात्री एकदा, सकाळी एकदा, आणि दरवेळी नटावर हलके दोन-चार ठोके. ठोक्यांनी गंजात केसाएवढ्या भेगा पडतात आणि तेलाला वाट मिळते. गोटी सहा कोनी घ्या, बारा कोनी नको. गंजलेला नट झिजून अर्धा मिलिमीटर लहान झालेला असतो, त्यावर बारा कोनी गोटी घसरते आणि कोपरे गोल होतात. दांडा लांब घ्या, पण हात दांड्याच्या मध्यावर ठेवा. जोरासाठी नाही, अंदाज यावा म्हणून.

आता मार्करने प्रत्येक नटावर आणि स्टडच्या टोकावर मिळून एक सरळ रेघ ओढा. दोन मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक जण ते हसण्यावारी नेतात. पण पुढचा सगळा खेळ या रेघेचा आहे.

जाम नटाला जोर दिला की तीनपैकी एक गोष्ट घडते. पहिली : नट स्टडवर सुटतो. ‘कट्’ असा कोरडा आवाज येतो, जोर एकदम कमी लागतो, रेघ तुटते, नटावरचा भाग पुढे जातो आणि टोकावरचा जागेवर राहतो. दुसरी : स्टडच नटासकट हेडमधून बाहेर येतो. रेघ अखंड राहून दोन्ही सोबत फिरतात, पण इथेही सुरुवातीला ‘कट्’ ऐकू येतो आणि दर वळणाला काम सोपं होत जातं. हेही चांगलंच, स्टड तसाही बदलायचा आहे. तिसरी गोष्ट नव्या माणसाला बुडवते. आवाज येत नाही. पाना फिरतो. जोर वाढत नाही आणि कमीही होत नाही, जणू घट्ट मेणात पाना फिरतोय. रेघ अखंड, दोन्ही सोबत सरकतात, आणि हात सैल सोडला की पाना किंचित मागे येतो. मनात येतं, ‘सुटला!’ सुटलेला नाही. नट आणि स्टड गंजाने एकजीव झालेत, खालचे आटे हेडने धरलेत, आणि मधला ८ मिलिमीटरचा स्टड पिळला जातोय. अजून पाव वळण, आणि तो तुटणार.

हे पुन्हा सांगतो, कारण एकदा वाचून ते हातात उतरत नाही : सुटणारा नट आवाज करतो, तुटणारा स्टड गप्प असतो. मऊ लागलं की थांबा. नट होता तिथे परत आवळा, स्प्रे मारा, दुसऱ्या नटाकडे जा. अर्ध्या तासाने परत या. मग थोडं उलटं, थोडं सुलटं, एका वेळी पाव वळणाहून कमी. सुटायला लागलेला नटही एका दमात काढू नका. गंजाचा चुरा आट्यांत अडकून तो अर्ध्यावर पुन्हा जाम होतो, आणि बरेचसे स्टड इथेच, ‘आता आलाच’ म्हणताना तुटतात.

इम्पॅक्ट गनबद्दल (धक्के देत नट फिरवणाऱ्या यंत्राबद्दल) लोक भांडतात. माझं मत ठाम आहे : शिकणाऱ्याने या कामाला गन लावू नये. ती स्टड तोडते म्हणून नव्हे, काही वेळा तिच्या धक्क्यांनी नट उलट छान सुटतो. पण गन हातात असताना तो मऊपणा कळत नाही, आणि या कामात शिकायचा आहे तो तेवढाच.

शेवटच्या सिलिंडरांकडचे, म्हणजे दोन्ही टोकांचे स्टड सर्वांत धोक्याचे. लांब बिडाचा मॅनिफोल्ड तापला की लांबीत वाढतो. मधला भाग जागेवर राहतो, टोकं सरकतात. वर्षानुवर्षं टोकाचे स्टड थोडे थोडे वाकत आलेले असतात. म्हणून आधी सगळे नट अर्धं वळण सैल करा, मग काढा. एका बाजूने सगळे काढत गेलात तर उरलेल्यांवर सगळा ताण येतो.

तरी नाही सुटला तर उष्णता. इंडक्शन हीटर (ज्योतीविना, विजेच्या वेटोळ्याने तापवणारा) असेल तर उत्तम. गॅसची ज्योत वापरायची तर फक्त नटावर, तो मंद लाल होईपर्यंत, आणि मग थोडा निवू द्या. नट फुगतो, गंजाची पकड सुटते. हेड अॅल्युमिनियमचं असेल तर ज्योत त्यावर जाऊ देऊ नका, अॅल्युमिनियम वितळण्याआधी लाल होऊन इशारा देत नाही. आधी मारलेला स्प्रे पेट घेतो, तो पुसून घ्या. पेट्रोलची लाइन आणि वायरिंग झाका, अग्निशामक हाताशी ठेवा. आणि ज्योतीजवळ ब्रेक क्लीनर बिलकुल नको, क्लोरीन असलेल्या क्लीनरपासून विषारी फॉस्जिन तयार होतो. हेही जमलं नाही तर नट फोडा. नट स्प्लिटरने किंवा बारीक ग्राइंडरने एका बाजूने चिरून काढा. नट मेला तर मेला, स्टड जगला.

आणि तुटलाच तर? घाबरू नका. अनुभवी हातांतही तुटतात. मॅनिफोल्ड उतरवल्यावर बरेचदा फ्लॅंजच्या जाडीएवढा तुकडा बाहेर उरलेला असतो. त्यावर दोन नट एकमेकांवर आवळून, किंवा स्टड काढायच्या पान्याने तो निघतो. तुकडा हेडच्या पातळीवर असेल तर त्यावर वॉशर ठेवून मधून वेल्ड करा, वॉशरवर नट वेल्ड करा, निवू द्या, मग फिरवा. तुकडा बरेचदा वेल्डच्या उष्णतेनेच सुटतो, ओढण्याने नाही. पहिला नट निसटला तर दुसरा लावा, तिसरा लावा. वेल्डिंग येत नसेल तर येणाऱ्याला बोलवा. यात कमीपणा नाही, पण ड्रिल उचलण्यात मात्र घाई आहे.

कारण ड्रिल वाकडं जातंच. स्टड कडक, तुटलेलं तोंड तिरपं, आजूबाजूचं अॅल्युमिनियम मऊ. बिट नेहमी मऊ बाजूला पळतं. ड्रिल करणं भागच असेल तर आधी तोंड सपाट करा, बरोबर मध्यात पंच मारा, आणि जुना मॅनिफोल्ड जागेवर लावून त्याच्या भोकात गाइड बुश (बिट सरळ धरणारी नळी) बसवा. ३ मिलिमीटरपासून सुरू करा, मग ५, आणि एम ८ ला (८ मिलिमीटरच्या स्टडला) शेवटी ६.५ च्या आसपास. डाव्या फिरकीचे बिट मिळाले तर पाहिजेतच, अनेकदा स्टड ड्रिल करतानाच उलटा फिरून बाहेर येतो. खोली मोजून बिटावर टेप लावा, मागे पाण्याचा रस्ता असू शकतो. ‘ईझी आउट’ (भोकात उलटा फिरवून तुटका स्टड काढायचा पेच) नावाचा प्रकार माझ्या मते नवशिक्यांच्या पेटीतून काढून टाकावा. तो स्टडला आतून फुगवून अधिक घट्ट करतो, आणि भोकात तुटला तर इतका कडक असतो की साधं बिट त्याला ओरखडाही काढत नाही. आटे गेलेच तर ८.३ चं भोक, आटे पाडायचा टॅप आणि हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांसाठी आत बसवायची तारेची गुंडाळी. नीट बसवलेला हेलिकॉइल मूळ अॅल्युमिनियमच्या आट्यांहून मजबूत असतो, तेव्हा त्याची लाज नको.

हेडचं तोंड साफ करताना पोर्टांत फडकी कोंबा आणि किती कोंबली ते मोजून ठेवा. एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडाच असतो, तिथून कचरा थेट सिलिंडरमध्ये जातो. ग्राइंडरची घासायची चकती अॅल्युमिनियमवर लावू नका, खड्डे पडतात. प्लॅस्टिकचं किंवा पितळी खरवडणं पुरेसं आहे. पोलादी पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) हेडवर आणि मॅनिफोल्डवरही लावा. नवीन पार्टसुद्धा वाकडा येतो, किती चालतं ते मॅन्युअलमध्ये असतं. पॅकिंगशिवाय एकदा चढवून बघा, सगळ्या स्टडवर हाताने सहज बसला पाहिजे.

पॅकिंग कोरडं लावा. सिलिकॉन बिलकुल नको. ते या उष्णतेत टिकत नाही आणि त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर मारते. स्टड हेडमध्ये फक्त हाताने टेकवा, नट सगळे बोटांनी लावा, मग मध्यातून बाहेर जात तीन फेऱ्यांत आवळा. एम ८ ला साधारण २० ते ३० न्यूटन-मीटरचा आकडा असतो, तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. आट्यांना अँटी-सीझ (ते जाम होऊ नयेत म्हणून लावायचं ग्रीससारखं मिश्रण) लावलं असेल आणि आकडा कोरड्या आट्यांचा असेल तर साधारण एक पंचमांश कमी करा. घर्षण घटलं की त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो. ‘अजून थोडा’ आवळायची खोड इथे नको. टोकाची भोकं मुद्दाम मोठी असतात, मॅनिफोल्डला सरकता आलं पाहिजे. सेन्सरला अँटी-सीझ फक्त आट्यांवर, टोकाला नाही.

डाउनपाइप आधी सैलच जोडा, मॅनिफोल्ड पूर्ण आवळल्यावर तो आवळा, आणि कॅटचे ब्रॅकेट सर्वांत शेवटी. ब्रॅकेट ‘राहिलं तर राहिलं’ म्हणून सोडलं की कॅटचं सगळं वजन मॅनिफोल्डवर लटकतं आणि नवा मॅनिफोल्डही त्याच जागी तडकतो. जुना मुळात का तडकला याचं उत्तर पुष्कळदा इथेच सापडतं.

पहिल्या स्टार्टला दहा-पंधरा मिनिटं धूर आणि वास येईल. बोटांचं तेल आणि स्प्रे जळत असतो. गाडी उघड्यावर ठेवा. कोड पुसा, लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलात सतत करत असलेली वाढ-घट) शून्याकडे येतोय का बघा. नट पुन्हा आवळायचे की नाही हे मॅन्युअल ठरवेल, आणि आवळायचे तर इंजिन थंड असताना. गाडी लगेच देऊ नका. रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी, बॉनेट उघडं ठेवून, दुसऱ्या कुणाला स्टार्टर मारायला सांगा. पहिल्या दहा सेकंदांत कान पोर्टाकडे हवा.