ऱ्हाईनचं खोरं एका दिवसात: आधी काठ ठरवा, मग किल्ला

फ्रँकफर्टला आलेला पाहुणा बहुतेक वेळा ऱ्हाईनवर एकच गोष्ट करतो. रुडेसहाइमला उतरायचं, तासभर बोटीत बसायचं, डावी-उजवीकडे दिसेल त्या बुरुजाचा फोटो काढायचा आणि परत फिरायचं. संध्याकाळी फोटोतला किल्ला कुठला होता हे कोणालाच सांगता येत नाही. बिंगेन ते कोब्लेंत्स हा साधारण ६५ किलोमीटरचा पट्टा २००२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. एका दिवसात तो नीट बघायचा तर एक गाव, एक बोट आणि एक किल्ला, एवढंच धरा.

सगळ्यात आधी नकाशा बघा. माइंत्स-वीसबाडेन मागे पडलं की थेट कोब्लेंत्सपर्यंत नदीवर एकही पूल नाही. पलीकडे जायचं तर फेरीबोट, आणि बिंगेनपासून पुढे ती पाचच ठिकाणी मिळते: बिंगेन-रुडेसहाइम, नीडरहाइमबाख-लॉर्श, काउब, झांक्ट गोआर-झांक्ट गोआर्सहाउझन आणि बोपार्ड-फिल्झेन. रेल्वे मात्र दोन्ही काठांनी धावते. डावा-उजवा काठ प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे कोब्लेंत्सकडे तोंड करून धरायचा. डाव्या काठाला माइंत्सहून आरबी २६ ही स्थानिक गाडी, उजव्या काठाला फ्रँकफर्टहून वीसबाडेनमार्गे आरबी १०. समोर दिसणारा किल्ला ‘हा काय, इथेच’ म्हणून चालत निघालात तर दिवस गेलाच म्हणून समजा.

तिकिटाचं म्हणाल तर, जर्मनीत राहणाऱ्यांकडे डॉइचलांड-टिकेट, म्हणजे देशभरातल्या स्थानिक गाड्यांचा मासिक पास, असेल तर या दोन्ही गाड्या त्यात बसतात. प्रवासी बोटी बसत नाहीत. पाहुण्यांच्या टोळीसाठी ऱ्हाईनलांड-फाल्त्स या राज्याचं ऱ्हाईनलांड-फाल्त्स-टिकेट परवडतं. ते एका दिवसाचं असतं, पाच जणांपर्यंत चालतं, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या आधी चालत नाही. शिवाय फ्रँकफर्ट हेसन राज्यात आहे, त्यामुळे माइंत्सपर्यंतचं तिकीट वेगळं काढावं लागतं. इथेच अनेकांना दंड बसतो.

सकाळी आठच्या सुमारास निघा (ऱ्हाईनलांड-फाल्त्स-टिकेट असेल तर सोमवार ते शुक्रवार माइंत्सहून नऊनंतरची गाडी धरा), माइंत्सला गाडी बदला आणि आरबी २६ मध्ये उजव्या बाजूची खिडकी धरा, कारण कोब्लेंत्सकडे जाताना नदी उजवीकडे असते. उतरायचं बाखाराखला. लाकडी चौकटींची घरं, तटबंदीचे तुकडे, मागे द्राक्षमळे. तटावरून गावाला फेरी मारा आणि पोस्टेनटुर्म या बुरुजापर्यंत चढा. गाव, नदी आणि वर श्टालेक किल्ला एका नजरेत येतात. श्टालेकला आता युवा वसतिगृह आहे. मुक्काम करायचा तर काही महिने आधी नोंदणी करा आणि वसतिगृह संघटनेचं सदस्यत्व घ्या. किल्ल्याच्या चौकात मात्र कोणालाही जाता येतं.

किल्ल्याच्या वाटेवर छप्पर नसलेलं, लाल दगडाचं एक गॉथिक चॅपेल लागतं: वेर्नरकापेल. सगळे तिथे फोटो काढतात, पाटी फार थोडे वाचतात. १२८७ मध्ये वेर्नर नावाच्या मुलाचा मृतदेह सापडला. खुनाचा आळ ज्यूंवर घेतला गेला आणि ऱ्हाईनकाठच्या ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले. त्याच मुलाला संत मानून हे चॅपेल उभारलं गेलं. पुढे १६८९ मध्ये फ्रेंचांनी श्टालेक सुरुंगाने उडवला, तेव्हा वरचा ढिगारा कोसळून चॅपेल मोडलं. आजची पाटी त्या खोट्या आळाबद्दल बोलते.

ते १६८९ साल लक्षात ठेवा. चौदाव्या लुईच्या फौजांनी या पट्ट्यातले एकामागून एक किल्ले उडवले. आज टेकड्यांवर जे गोंडस बुरूज दिसतात त्यातले बरेचसे एकोणिसाव्या शतकात, भग्न किल्ल्यांचं वेड लागलेल्या प्रशियन राजघराण्याने आणि श्रीमंतांनी पुन्हा बांधलेले आहेत. ऱ्हाईनश्टाइन १८२५ ते १८२९ मधला. श्टालेकची आजची इमारत तर विसाव्या शतकातली. सह्याद्रीतले पडके तट बघायची सवय असलेल्या डोळ्याला इथलं काम जरा जास्तच नीटनेटकं वाटतं. ते वाटणं बरोबरच आहे.

बाखाराखहून बोट घ्या, झांक्ट गोआरपर्यंतच. प्रवाहाच्या दिशेने हे अंतर पाऊण तासात कापलं जातं. उलट्या दिशेला वेळ बराच जास्त लागतो, म्हणून क्रम उलटा करू नका. नियमित बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर असतात. वरच्या डेकवर उजवीकडे बसा. काठावरचे मोठे आकड्यांचे फलक म्हणजे कोन्स्टान्त्सच्या जुन्या पुलापासून मोजलेले किलोमीटर. बाखाराख ५४३. साधारण ५४६ ला नदीच्या मधोमध, बेटावर, पांढरा फाल्त्सग्राफेनश्टाइन येतो. हा जकात वसूल करण्यासाठी बांधलेला. १३२६-२७ च्या सुमारास मधला पंचकोनी मनोरा उभा राहिला, भोवतीचा तट नंतरचा. त्याचं एक टोक नावेच्या नाळेसारखं प्रवाहाकडे निमुळतं आहे, वाहत येणारा बर्फ फुटावा म्हणून. १८१४ च्या पहिल्या दिवशी प्रशियन सेनापती ब्ल्यूशरच्या सैन्याने नेपोलियनचा पाठलाग करताना इथेच तराफ्यांचा पूल टाकून नदी ओलांडली.

५५४ च्या आसपास लोरेलाय. नदीपासून १३२ मीटर उंच कडा, आणि पायथ्याला पात्र एकदम आवळलेलं. निराशा टाळायची तर हे ऐका: वर गेलात तर दरी दिसते, कडा दिसत नाही. कडा बघायचा तर बोटीतून, नाहीतर समोरच्या काठावर उर्बारजवळच्या मारिया रू या जागेवरून. कवितेतली, नावाड्यांना भुलवणारी सुंदरी विसरा आणि काठावरचे दिव्यांचे खांब बघा. वळणापलीकडचं दिसत नसल्याने समोरून प्रवाहाबरोबर बोट येते आहे की नाही हे वर चढणाऱ्या जहाजांना त्या दिव्यांवरून कळतं.

झांक्ट गोआरला उतरून फेरीबोटीने पलीकडे. खिशात सुट्टे युरो असू द्या, कार्डावर विसंबू नका. जेवण इथेच उरका, दोनच्या आत. दुपारी बऱ्याच हॉटेलांची स्वयंपाकघरं बंद होतात. शाकाहारींनी ‘ओने श्पेक’ म्हणजे डुकराच्या मांसाशिवाय असं स्पष्ट सांगावं. फ्लामकुखन या पातळ, भाजलेल्या पोळीवर आणि परतलेल्या बटाट्यांतही ते न विचारता घातलेलं असतं.

उजव्या काठाने आरबी १० पकडून ब्राउबाख. गावातून वीस-पंचवीस मिनिटांची चढण, आणि मग मार्क्सबुर्ग. दिवसातला खरा मुद्दा हा. मध्य ऱ्हाईनवरचा कधीही उद्ध्वस्त न झालेला हा एकमेव डोंगरी किल्ला. १९४५ मध्ये पलीकडच्या काठावरून अमेरिकी तोफांनी त्याचं नुकसान केलं, ते मागाहून दुरुस्त झालं. १९०० मध्ये जर्मन किल्ले संघटनेने तो प्रशियन सरकारकडून हजार सुवर्णमार्कांना घेतला. संघटनेचं मुख्यालय आजही तिथेच आहे.

आत एकट्याने फिरता येत नाही, मार्गदर्शकाबरोबर साधारण ५० मिनिटांची फेरी असते. बऱ्याच फेऱ्या जर्मनमध्ये होतात, इंग्रजीतल्या मोजक्याच, म्हणून वेळ आदल्या दिवशी संकेतस्थळावर बघून दिवसाची आखणी तिथून उलटी करा. पहिल्याच चढावर उघडा खडक कोरून केलेल्या घोडेस्वारांच्या पायऱ्या लागतात: उंच-सखल, झिजलेल्या, पावसात निसरड्या. चपला नकोत, बाबागाडी तर नकोच. पुढे नदीवर रोखलेल्या तोफा, माणूस उभा राहील एवढी चूल असलेलं स्वयंपाकघर, आणि तटाबाहेर लोंबकळता शौचकूप. मुलं तिथून हलत नाहीत.

बेत फसतो तो पाण्यामुळे. निघण्याआधी काउबची पाणीपातळी बघा. ६४० सेंटिमीटरच्या वर गेली की जहाजवाहतूक थांबते. उलट टोकाला, ऑक्टोबर २०१८ मध्ये ती २५ सेंटिमीटरवर आली होती. पण हा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. जहाजांच्या मार्गातली खोली त्याहून साधारण १ मीटर १२ सेंटिमीटर जास्त असते. सोमवार टाळा, फाल्त्सग्राफेनश्टाइनसारख्या सरकारी वास्तू त्या दिवशी बंद असतात. रेल्वेच्या दुरुस्त्याही वारंवार निघतात आणि बदली बसला जास्त वेळ लागतो, तेव्हा ॲप सकाळी पुन्हा एकदा उघडा.

दुसरा दिवस हातात असेल तर कोब्लेंत्सला राहा आणि रोपवेने एरेनब्राइटश्टाइनच्या किल्ल्यावर जा. तो १८१७ ते १८२८ मधला, प्रशियन बांधणीचा. नसेल तर ब्राउबाखहून आरबी १० थेट फ्रँकफर्टला सोडते. पुन्हा उजवी खिडकी. लोरेलायचा कडा दिसणार नाही, कारण गाडी त्याच्या पोटातल्या बोगद्यातून जाते. पण बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात काउब येतं आणि सकाळी बोटीतून बघितलेला बेटावरचा किल्ला आता गाडीच्या खिडकीतून दिसतो.