जुने इंग्लिश लाँगकेस घड्याळ कसे पारखावे

उंच लाकडी पेटीतले जुने इंग्लिश घड्याळ पाहताना नजर आधी तबकडीवरच्या नावाकडे जाते; माझ्या मते ते नाव सर्वांत शेवटी वाचावे, कारण नाव मागाहून कोरता येते आणि एकोणिसाव्या शतकात ते पुष्कळदा कारागिराचे नसून दुकानदाराचे असे.

सुरुवात तबकडीपासून करावी. जेमतेम दहा इंचांची चौकोनी पितळी तबकडी सहसा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातली असते. कमानीची तबकडी 1715-20 च्या सुमारास रूढ झाली, तरी खेडोपाडी चौकोनी तबकड्या पुढेही बनत राहिल्या. पांढरी रंगवलेली तबकडी मात्र बर्मिंगहॅमच्या ऑस्बॉर्न आणि विल्सन यांनी 1772 मध्ये बाजारात आणली, त्यामुळे तिच्यावर त्याआधीचे साल दिसल्यास शंका घ्यावी. दोन तासांमधल्या जागेचे चारच भाग असतील आणि मिनिटांच्या खुणा नसतील, तर ते घड्याळ मुळात एका काट्याचे होते. त्यावरचा मिनिटकाटा नंतरचा समजावा. चावीची भोकेही तपासावीत, कारण रोज साखळी ओढून चालवायच्या तीस तासांच्या काही घड्याळांवर ती केवळ आठ दिवसांच्या घड्याळाचा आव आणण्यासाठी असतात!

यानंतर पेटीचा वरचा भाग उतरवून घ्यावा. यंत्र ज्या फळीवर बसते ती पेटीच्या दोन्ही बाजूंवर नेमकी टेकलेली असावी. तिच्याखाली नव्या लाकडाचे तुकडे सारलेले असतील, जवळपास रिकामी खिळेभोके असतील किंवा तबकडीची कड दाराच्या चौकटीशी जुळत नसेल, तर यंत्र एका घड्याळाचे आणि पेटी दुसऱ्याची असण्याची शक्यता मोठी. अशा जोडीची किंमत बरीच कमी धरावी.

आता नाव. लंडनच्या घड्याळकारांचा संघ 1631 मध्ये स्थापन झाला आणि त्याच्या शिष्यनोंदींवरून अनेकांचा कार्यकाळ ताडून पाहता येतो. लंडनचा नामवंत घड्याळकार टॉमस टॉम्पियन (1639–1713) याच्या पुष्कळ घड्याळांवर क्रमांक कोरलेले आहेत. तरीही त्याचे नाव दिसताच हुरळून न जाता तज्ज्ञाला दाखवावे. पहिल्या खरेदीसाठी, ओक लाकडाच्या मूळ पेटीतले एखाद्या लहान गावच्या कारागिराचे घड्याळ मला अधिक भरवशाचे वाटते.

घरी नेताना आधी वजने आणि लंबक काढावेत, कारण ते तसेच राहिले तर लंबकाला धरणारी पातळ पोलादी पट्टी हमखास वाकते.