नववी-दहावीतल्या वाचकाला नवी मराठी कादंबरी कशी सुचवावी

नववीतल्या एका मुलाला मी एकदा मोठ्या टायपातलं, पानोपानी चित्रं असलेलं पातळ पुस्तक दिलं. घरी अस्खलित मराठी, पण शाळा गुजराती माध्यमाची. मला वाटलं, सोपं जाईल. दुसऱ्याच दिवशी ते टेबलावर ठेवून तो म्हणाला, "मावशी, हे माझ्या धाकट्या भावाला द्या." त्यानंतर चार महिने तो फिरकला नाही. बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या छोट्या वाचनालयात, मी या चुकीतून शिकले: पुस्तक मुलाच्या समजेच्या वयाचं निवडायचं, वाचनाच्या वेगाचं नाही. वेगाचा इलाज वेगळा आहे, तो पुढे सांगते.

सुरुवात गप्पांनी करा. "तुला काय वाचायला आवडतं?" असं विचारलं की मुलं गप्प होतात. त्यापेक्षा कोणतं पुस्तक अर्ध्यात सोडलं ते विचारा. "वर्णनच संपेना" म्हणणाऱ्याला संवादांनी पुढे जाणारी कादंबरी हवी असते, "शेवट आधीच कळला" म्हणणारीला रहस्यकथा.

मग नवी पुस्तकं हुडका. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार देते. त्यातलं मराठीचं नाव दरवर्षी टिपून ठेवा: २०२२ला संगीता बर्वे यांची 'पियूची वही', २०२४ला भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला'. पुरस्कार बालसाहित्याचा असल्यामुळे एखादं पुस्तक सोळा वर्षांच्या मुलाला लहान वाटू शकतं, म्हणून पहिली वीस पानं आधी स्वतः वाचा. दुकानात मुखपृष्ठावर जाऊ नका. सुरुवातीच्या पानांत 'पहिली आवृत्ती' कधीची ते बघा. जुनी निघाली म्हणून लगेच परत ठेवायचं कारण नाही. मिलिंद बोकील यांची 'शाळा' २००४ची, गोष्ट आणीबाणीच्या काळातल्या नववीतल्या मुलाची, आणि पंधरा वर्षांच्या वाचकाला मी ती आजही देते.

आता वेगाचं. आपल्याकडची पुष्कळ मुलं मराठी बोलतात घरी आणि वाचतात गुजराती किंवा इंग्रजी. गुजरातीत शिरोरेषा नाही. हिंदीमुळे देवनागरीची ओळख असते, पण 'दुसऱ्या'मधला ऱ्या आला की डोळे अडखळतात, आणि 'चोर'मधला च, 'जोर'मधला ज हिंदीसारखा उच्चारला की ओळखीचा शब्दही परका वाटतो. एक मुलगी ओळीखाली बोट फिरवत एकेक अक्षर लावत होती; पान संपलं तेव्हा काय घडलं ते तिला आठवेना. मी पुस्तक घेतलं आणि पहिलं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवलं. दुसऱ्याच पानावर ती हसली, कारण कादंबरीतली आजी तिच्याच आजीसारखी बोलत होती. कानानं गोष्ट धरली की डोळे मागून येतात. तेव्हा पहिलं प्रकरण नेहमी तुम्ही वाचा, अगदी ऐन उत्कंठेच्या जागी थांबा आणि पुस्तक घरी न्यायला द्या. घरी आजी-आजोबा असतील तर हे काम त्यांना सांगा, ते आनंदानं करतात.

प्रेम, घटस्फोट, मृत्यू असे विषय असले तर लपवू नका. मुलाला एका वाक्यात आधी सांगा आणि घ्यायचं की नाही ते त्याच्यावर सोडा. आईवडिलांनी विचारलं, तर हेच त्यांनाही सांगा.

वाचनालय लांब असेल तर पुस्तकंच मुलांकडे न्या. सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली. तेव्हा बडोदा संस्थानातल्या गावोगाव पुस्तकांच्या पेट्या जायच्या. आम्ही पाच कादंबऱ्यांची पिशवी एका सोसायटीत महिनाभर ठेवतो. पाचच पुरे, जास्त असली की मुलं चाळतात आणि निघून जातात.

तीस पानं वाचूनही मन लागलं नाही तर पुस्तक परत करायची मुभा आधीच द्या, कारण विचारू नका. ज्यानं पूर्ण वाचलं, त्याच्याकडून एका कार्डावर दोन ओळी लिहून घ्या: गोष्ट सांगायची नाही, फक्त कोणाला आवडेल ते. कार्ड मुखपृष्ठाच्या आत ठेवा. मोठ्यांच्या शिफारशीपेक्षा मुलं त्या दोन ओळींवर जास्त भरवसा ठेवतात. चार महिन्यांनी परत आलेल्या त्या मुलानं लिहिलं होतं: "क्रिकेट आवडत असेल तरच घे. अकरावं प्रकरण रात्री वाचू नकोस."